गॅलॉडेटचा वारसा १९८८ पेक्षा जुना आहे

गॅलॉडेट विद्यापीठावरील लेखात वॉशिंग्टनच्या या कर्णबधिरांसाठीच्या विद्यापीठाची ओळख मुख्यतः १९८८ च्या विद्यार्थी आंदोलनातून करून दिली आहे. ते आंदोलन मोठे होतेच. १२४ वर्षांत एकही कर्णबधिर अध्यक्ष न लाभलेल्या या संस्थेवर पुन्हा ऐकू येणाऱ्या व्यक्तीची नेमणूक झाली, तेव्हा विद्यार्थ्यांनी आठवडाभर कामकाज बंद पाडले आणि स्वतः कर्णबधिर असलेले आय. किंग जॉर्डन अध्यक्ष झाले. परंतु त्याआधीचा दीर्घ काळ लेखातून निसटला आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते. १८६४ मध्ये लिंकन यांच्या स्वाक्षरीने या संस्थेला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. आणि कर्णबधिरांच्या शिक्षणावरील १८८० च्या मिलान परिषदेने शाळांमधून सांकेतिक भाषा वगळण्याचा ठराव केल्यावर, जेव्हा अनेक देशांत कर्णबधिर शिक्षकांना वर्गाबाहेर जावे लागले, तेव्हाही येथे ती भाषा उच्च शिक्षणात टिकून राहिली. तिला स्वतःची शास्त्रशुद्ध रचना आहे, हे १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी मांडले, ते इथेच इंग्रजी शिकवत असताना. सांकेतिक भाषेच्या १९६५ च्या त्यांच्या कोशाचे सहलेखक कार्ल क्रोनबर्ग आणि डोरोथी कॅस्टरलाइन हे दोघेही कर्णबधिर होते, आणि त्यांची नावे फार क्वचित घेतली जातात याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठीचे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले. आता आपल्या सर्वसाधारण महाविद्यालयांतही प्रशिक्षित दुभाषी नेमले जावेत, या मागणीवर लेखकाने पुढील भागात अवश्य लिहावे.