सुभेदाराला मिसरूड फुटलं तेव्हा

गेले तीन आठवडे माझा मुक्काम परसातल्या लाकडी स्टुलावर आहे. जेवायला आणि झोपायला मी घरात जातो, पण ते पाहुण्यासारखं. हातात केरसुणी, नजर सुभेदारावर.

सुभेदार म्हणजे आमचा तरणा कोंबडा. वय साडेपाच महिने. हा कोंबडा की तलंग, यावर घरात बरेच दिवस पैजा चालू होत्या. मग एका पहाटे खुराड्यातून गंजलेल्या बिजागरीला उचकी लागावी तसा आवाज आला आणि निकाल लागला. पुढे त्याचा तुरा वाढला. तोरा तुऱ्याच्या दुप्पट वेगानं वाढला.

नेमकी त्याच सुमारास आमची तांबडी खुडूक झाली. २१ दिवस तिनं अंड्यांवर ठाण मांडलं आणि सात पिल्लं काढली. म्हणजे परसात एकीकडे मुठीत मावतील एवढी सात पिल्लं आणि दुसरीकडे नुकतीच बांग फुटलेला, आपण नक्की कोण हे न कळलेला एक गडी. दोघांच्या मध्ये मी.

पहिल्या दिवशी सुभेदार पिल्लांजवळ आला, मान तिरकी करून एका डोळ्यानं बघू लागला. कोंबड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे नीट बघायचं म्हटलं की त्याला मान वाकडी करावीच लागते. हे मला माहीत होतं. पण मान वाकडी करून एका डोळ्यानं बघणाऱ्या कुणावर तुम्ही लहान मूल सोपवाल? मी केरसुणी उचलली. त्याआधीच तांबडीनं पिसं फुलवली, आहे त्याच्या दुप्पट झाली आणि त्याच्या तोंडावर अशी काही झेपावली की सुभेदार बादलीमागे जाऊन उभा राहिला. बादलीमागून जरा वेळानं तीच बिजागरी वाजली. अब्रू सांभाळायला हवी ना.

मी आत्याला फोन लावला. तिची हयात कोंबड्यांत गेलेली.

"आत्या, हा पिल्लांना काही करणार तर नाही?"

"काही कोंबडे पिल्लं राखतात रे, आईसारखे."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे मारतात," आत्या म्हणाली आणि तिनं माझ्या तब्येतीची चौकशी सुरू केली.

रात्री मी वाचायला बसलो. कोंबड्यांमधली मोठ्या-लहानाची उतरंड १९२१ साली थोरलाइफ श्जेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसानं प्रथम नीट मांडली. कोण कुणाला टोचतो आणि कोण निमूट टोचून घेतो, हे त्यानं तासन् तास बघून टिपलं. आपल्याआधी कुणीतरी असाच स्टुलावर बसला होता, या विचारानं मला मोठा धीर आला. त्याला बायको काय म्हणत असेल, हे मात्र पुस्तकात नव्हतं.

त्या उतरंडीच्या हिशेबानं, मोठ्यानं पिल्लाला एकदा टोचलं, पिल्लू चिंव करून बाजूला झालं आणि मोठा आपल्या वाटेनं गेला, तर तो गुन्हा नाही. ती शिस्त. पण पाठलाग करून कोपऱ्यात गाठणं, डोक्याची पिसं उपटणं, सोडून पुन्हा त्याच पिल्लावर येणं, ही लक्षणं वाईट. रक्ताचा एक थेंब दिसला तरी पिल्लू लगेच वेगळं काढायचं, कारण लाल ठिपका दिसला की बाकीच्या चोचीही तिथेच पडतात. शिवाय तरण्या कोंबड्याची म्हणून एक वेगळीच भीती असते. अंगात नवं वारं शिरलेलं, मोठ्या कोंबड्या उभ्या करत नाहीत. अशा वेळी तो अर्धवट वाढलेल्या पिलाची मान धरून पाठीवर चढू पाहतो, आणि त्याच्या नुसत्या वजनानंही पिल्लाचा चेंदामेंदा होऊ शकतो. एवढं सगळं समजल्यावर माझी झोप पार उडाली. कारण शिस्त असो, गुंडगिरी असो की नवं वारं, सुरुवात सगळ्याची एकच. तो पिल्लाच्या दिशेनं चालायला लागतो.

आठवडाभरानं तो तसाच चालायला लागला. मध्येच थांबला. मान खालीवर करत "टुक टुक टुक" असा घाईघाईचा आवाज काढू लागला. जमिनीवरचं काहीतरी चोचीत उचललं, टाकलं, पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. सातही पिल्लं त्याच्याकडे धावली. आमिष दाखवून बोलावतोय मेला! मी ओरडलो आणि केरसुणी फेकली. केरसुणी सुभेदाराला लागली नाही. पाण्याच्या भांड्याला लागली, भांडं पिल्लांवर उलटलं आणि सातही पिल्लं चिंब झाली.

पिलांच्या अंगावर अजून धड पिसं नव्हती. ती कुडकुडत तांबडीच्या पंखांखाली शिरली. तांबडीनं ओळीनं सगळ्यांना आत घेतलं, मग उठून शांतपणे माझ्या घोट्याला टोचलं. एकदाच. ती शिस्त.

"अहो," बायको खिडकीतून म्हणाली, "आतापर्यंत पिल्लांना कुणाकुणापासून त्रास झाला, ते लिहून ठेवताय ना?"

सुभेदाराचा तो "टुक टुक" आवाज खाऊ सापडल्याचा होता, हे मला त्या रात्री कळलं. आई पिल्लांना तसंच बोलावते आणि कोंबडा कोंबड्यांना. स्वतः न खाता किडा दाखवतो, उचलून टाकतो, म्हणजे बघा, मी केवढा कर्ता. सुभेदाराच्या हाकेला एकही कोंबडी येत नव्हती, म्हणून त्यानं पिल्लांवर रंगीत तालीम सुरू केली असावी. ती माया होती की सराव, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. एक पंख जमिनीला टेकवून तिरकं गोल फिरायचं, हा त्याचा दुसरा पाठ. तो त्यानं एका पिल्लाभोवती केला (पिल्लू मुंगी खात होतं, त्यानं पाहिलंही नाही), तांबडीभोवती केला (बादलीमागे गेला) आणि शेवटी बादलीभोवतीच केला.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट सापडली. गायगर आणि मार्लर या संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिलं की कोंबडे खायला काहीही नसतानाही ही हाक देतात. कोंबडी लांब असली, तिथून तिला काही दिसणार नसलं, की जास्तच. मी त्या ओळीखाली रेघ मारली.

मधल्या काळात मी बंदोबस्तही केला. जाळीखाली पिल्लापुरतीच फट ठेवली आणि पिल्लांचं खाणं आत, म्हणजे सुभेदार आला तर ती सटकतील. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम फार असतं, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही, म्हणून त्याची जागा वेगळी, उंचावर. पिल्लं उड्या मारून तिथेच जातात.

काल दुपारी सुभेदारानं एकदम मान तिरकी करून आभाळाकडे एक डोळा लावला आणि शिट्टीसारखा बारीक, लांबट सूर काढला. जमिनीवरच्या संकटाला कोंबडे वेगळं ओरडतात, तो तुटक कलकलाट असतो. हा वरच्या संकटाचा सूर होता. क्षणात परस रिकामं झालं. पिल्लं फटीतून आत, तांबडी झुडपात, बाकीच्या भिंतीला चिकटलेल्या. सुभेदार एकटा उघड्यावर, मान ताठ. घार एक गिरकी घेऊन निघून गेली.

"अहो, तुम्ही कुठे आहात?" खिडकीतून आवाज आला.

मी स्टुलाखाली होतो.

बाहेर निघून मी गुडघे झटकत होतो, तेवढ्यात सुभेदार माझ्याकडे चालत आला. माझ्या चपलेपाशी थांबला. मान खालीवर करत म्हणाला, टुक टुक टुक. रेघ मारलेली ओळ मला लख्ख आठवत होती. तरी मी केरसुणी खाली ठेवली आणि वाकून पाहिलं. काहीच नव्हतं.

झुडपातून तांबडीनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा माती उकरायला लागली. तिला त्याची सगळी अंडीपिल्ली ठाऊक.