मागे फिरण्याचा अधिकार

जून संपत आला की महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत दरवर्षी एकच वाद नव्याने उभा राहतो. एखाद्या धबधब्यावर किंवा किल्ल्यावर कुणाचा तरी जीव जातो, जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात, आणि मग एकीकडून ‘हवेत कशाला हे जिवावरचे साहस’ असे सुनावले जाते, तर दुसरीकडून ‘आता काय सह्याद्रीला कुलूप लावणार’ असा सवाल येतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेव्हा हा वाद फार कडवट झाला होता. नॉर्वेतल्या स्टाव्हँगर शहरात बसून मी तो वाचत होते, आणि सारखे जाणवत होते की दोन्ही बाजूंचे माप एकच आहे: धोका किती? धोका मोठा म्हणून एकाला साहस निषिद्ध वाटते आणि धोका मोठा म्हणूनच दुसऱ्याला ते थोर वाटते.

मला हे मापच मान्य नाही. पुढे काय होईल हे नक्की ठाऊक नसताना माणूस स्वतः परिस्थितीचा अंदाज घेतो, स्वतः निर्णय करतो आणि त्याच्या परिणामांची जबाबदारी पत्करतो, तेव्हा त्या अनुभवाला मी साहस म्हणेन. या अर्थाने भुशीला गेलेले ते कुटुंब साहसाला गेलेच नव्हते. ते रविवारच्या सहलीला गेले होते, आणि डोंगरात वर पडलेल्या पावसाने खालचा ओढा किती लवकर फुगतो हे त्यांना कुणी कधी सांगितलेले नसावे. त्यांच्या मृत्यूवरून गिर्यारोहणाच्या विरोधात निष्कर्ष काढणे हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे आणि गिर्यारोहकांवरही.

स्टाव्हँगरपासून फार दूर नसलेला प्रेइकेस्तुलेन हा कडा ल्यूसेफ्योर्डच्या पाण्यापासून ६०४ मीटर उंच आहे आणि त्याच्या कडेला कठडा नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या आमच्या प्रत्येक पाहुण्याचा तिथला पहिला प्रश्न असतो, ‘रेलिंग का नाही लावत?’ हा प्रश्न इथेही विचारला गेला आहे, आणि उत्तर असे की निसर्गातला सगळा धोका काढून टाकता येत नाही, एका कड्याला कठडा लावला तर शेजारच्या बिनकठड्याच्या कड्यांविषयी लोक गाफील होतील. या भूमिकेला आधार आहे तो इथल्या कायद्याचा आणि शिक्षणाचा. १९५७च्या कायद्याने कुणालाही मोकळ्या रानात आणि डोंगरात हिंडण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कासोबत डोंगरात कसे वागावे याचे नऊ नियम आहेत. १९६७च्या ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात अनेकांचे जीव गेले, त्यानंतर या नियमांचा देशभर जोरात प्रसार झाला आणि २०१६मध्ये ते नव्याने मांडले गेले. कुठे जाणार हे घरी सांगून जा, हवामान आणि हिमस्खलनाचा इशारा पाहा, नकाशा आणि होकायंत्र जवळ ठेवा, अशा साध्या गोष्टी त्यांत आहेत. आठवा नियम मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो: वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात कसलीही लाज नाही.

हे वाक्य इथे भिंतीवर टांगण्यापुरते नाही. सोमवारी कार्यालयात एखादी सहकारी सांगते की शिखर समोर दिसत होते, पण ढग उतरले म्हणून आम्ही परतलो, आणि ऐकणारे त्यावर हळहळत नाहीत, पुढचा प्रश्न विचारतात की वाट कुठे सोडली, बर्फ कसा होता. ज्या देशाने हे शिकवले त्याचा पूर्वेतिहास उलटा आहे, हे मला विशेष वाटते. १८८८ साली नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन याने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले, तेव्हा त्याने मुद्दाम निर्जन पूर्व किनाऱ्यावरून सुरुवात केली, म्हणजे परतीची वाटच राहू नये. पण इथलाच शोधप्रवासी रोआल्ड अमुंडसेन सप्टेंबर १९११मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघाला आणि असह्य थंडीमुळे काही दिवसांत तळावर परत आला. ऑक्टोबरमध्ये तो चार सोबत्यांसह पुन्हा निघाला, १४ डिसेंबरला ध्रुवावर पोहोचला आणि पाचही जण सुखरूप परतले. ती पहिली माघार त्या मोहिमेच्या साहसाचा भाग नव्हती असे कोण म्हणेल?

आम्हा परदेशस्थांच्या वाट्यालाही साहसाचे कौतुक फार सहज येते. ‘एवढ्या लांब जाऊन राहिलात, केवढे धाडस’, असे नातेवाईक प्रेमाने म्हणतात. पण नोकरी, व्हिसा आणि घर आधीच ठरवून आलेल्या माझ्यासारखीचे येणे साहसात मोडत नाही. ते कष्टाचे होते, एवढेच. याउलट हिरकणीची दंतकथा घ्या. रायगडाचे दरवाजे बंद झालेले, घरी तान्हे बाळ, आणि सकाळपर्यंत थांबण्याचा पर्याय समोर असताना ती बाई स्वतःच्या जबाबदारीवर रात्री कडा उतरते. तिला कुणी पाठवले नव्हते, कुणी पाहत नव्हते. म्हणूनच ती गोष्ट आपल्या मनात टिकली आहे.

आता हरिहर किल्ल्याकडे पाहू. कातळात कोरलेल्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर पावसाळी शनिवार-रविवारी खालून वर आणि वरून खाली अशी माणसे खोळंबलेली छायाचित्रे सर्वांनी पाहिली आहेत. धोका तिथे भरपूर आहे. निर्णय मात्र कुणाचाच नाही. माणसांनी पैसे भरलेले असतात, बस ठरलेली असते, परतीची वेळ ठरलेली असते, पुढचा सरकला की मागचा सरकतो. मागे फिरावेसे वाटले तरी फिरायला जागा नसते. ज्याला मागे फिरताच येत नाही त्याच्या अनुभवाला मी साहस म्हणू शकत नाही. सरसकट बंदीने हेच वेगळ्या रीतीने घडते: वर्षानुवर्षे सह्याद्रीत फिरलेल्या, पाऊस पाहून वाट बदलणाऱ्या गिर्यारोहकाचा निर्णयही कागदावरच्या एका तारखेने काढून घेतला जातो. सहलीच्या ठिकाणी, जिथे हजारो अननुभवी लोक उतरतात, तिथे पावसाळ्यात बंदी हवी असे माझे स्पष्ट मत आहे. डोंगरवाटांना तोच आदेश लावणे चूक आहे.

नॉर्वेचे अनुकरण जसेच्या तसे करावे असे मी म्हणत नाही. हा जेमतेम साडेपाच दशलक्ष वस्तीचा देश आहे, आणि इथेही ट्रोलटुंगा या दरीवर आडव्या पुढे आलेल्या खडकावर फोटोसाठी रांगा लागतात, अपुऱ्या तयारीने आलेल्या पर्यटकांना स्वयंसेवक उतरवून आणतात, आणि सुटकेचे पैसे घ्यावेत का हा वाद इथेही पेटतो. शिवाय जे मला इथे आवडले त्याची आपल्याकडे उणीव नाही. जुन्या गिर्यारोहण संस्थांत ‘आज पुढे जायचे नाही’ असे नेत्याने म्हटले की कुणी हुज्जत घालत नसे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखे बचाव गट आजही आपली कामे सोडून मध्यरात्री दरीत उतरतात.

अडचण व्यवहारात आहे. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्या आयोजकाने पाऊस वाढला म्हणून अर्ध्या वाटेवरून गट परत आणला, तर लोक पैसे परत मागतात. राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षण आणि सुरक्षा यांवर भर आहे, तो योग्यच आहे. त्यात एक अट आणखी हवी: ट्रेक कुठून आणि कोणत्या परिस्थितीत परतेल, तो निर्णय कोण घेईल आणि त्यानंतर पैशांचे काय होईल, हे प्रत्येक आयोजकाने पैसे घेण्याआधी लेखी सांगावे, आणि सहभागी होणाऱ्याने ते वाचून सही करावी.