सर्व्हर डाऊन म्हणे! मग माझे 1,840 रुपये कुठे गेले?

आज लिहितेच, कारण नऊ दिवस डोकं तापलंय.

मागच्या मंगळवारी रात्री आठला आईची बीपी-शुगरची महिन्याची औषधं आणायला मेडिकलमध्ये गेले. बिल झालं 1,840. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, गोल गोल फिरत राहिलं आणि मग 'प्रोसेसिंग'. तेवढ्यात मेसेज, खात्यातून पैसे कट. दुकानातला साउंडबॉक्स मात्र गप्प. माझ्यामागे चारजण उभे, त्यातल्या दोघांचंही तेच झालेलं, बँक तीच. बाहेरच्या एटीएममध्ये कॅश नाही. शेवटी मेडिकलवाले काका म्हणाले, "ताई, औषधं न्या, पैसे उद्या द्या." त्यांना माझं नावसुद्धा माहीत नाही हो!

आणि बँक? ॲप उघडलं तर वर पर्सनल लोनची जाहिरात. सर्व्हर बंद आहे, पेमेंट करू नका, एवढी एक ओळ टाकायला काय जातं यांचं? टाकली असती तर मी पिनच टाकला नसता ना! 26 मार्च 2025 ला आणि परत 12 एप्रिलला अख्ख्या देशात यूपीआय कोलमडलं तेव्हा ते चालवणाऱ्या एनपीसीआयने निदान जाहीरपणे सांगितलं तरी की बाबांनो, तांत्रिक अडचण आहे. मशीन आहे, बंद पडणार, ते मला कळतं, माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. लपवता का, याबद्दल आहे.

कस्टमर केअरला फोन केला तर एक दाबा, दोन दाबा, मग वीस मिनिटं म्युझिक, मग एक मुलगा म्हणतो "मॅडम, सात ते दहा वर्किंग डेज लागतील." कुठून आणले हे सात ते दहा? आरबीआयचं 20 सप्टेंबर 2019 चं सर्क्युलर आहे, दुकानदाराला केलेलं यूपीआय पेमेंट अडकलं तर पाच दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि ते दिवस कॅलेंडरचे, वर्किंग डेज नाहीत, शनिवार-रविवार सगळे धरून! त्यानंतर उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने मागायची वाट न बघता बँकेने स्वतःहून द्यायची. हे मी त्या मुलाला सांगितलं तर तो म्हणे "असं काही आमच्या सिस्टिममध्ये दिसत नाहीये मॅडम." त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नसेल, पण मग ज्यांनी शिकवायचं ते काय करतायत?

पैसे आज आले, नवव्या दिवशी. नुसते 1,840. म्हणजे चार दिवसांचे 400 रुपये बँकेने खाल्ले. आणि माझा हप्ता गेल्या वर्षी एकदाच, फक्त एकदाच, खात्यात कमी बॅलन्स म्हणून बाउन्स झाला तेव्हा त्याच दिवशी चार्ज कापला, वर जीएसटी पण. तेव्हा कसं सिस्टिमला लगेच सगळं दिसलं? तेव्हा नाही कोणी म्हणालं की मॅडम सात ते दहा दिवस थांबू.

400 रुपयांनी मी श्रीमंत होणार नाहीये. पण त्या रात्री रांगेत ते दोघे पण होते, त्यांच्यातल्या एका आजोबांना तर पैसे कट झालेत का नाही हेच कळत नव्हतं, मोबाईल माझ्यापुढे धरून विचारत होते "बघ गं पोरी, गेले का?" ते कुठे सर्क्युलर शोधणार? त्यांच्या वाट्याचे रोजचे 100 कोण देणार?

लेखी तक्रार मेलवर टाकलीये, यूटीआर नंबर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), मेसेजचा स्क्रीनशॉट, सर्क्युलरची तारीख, सगळं लावून. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर थेट आरबीआयच्या लोकपालाकडे जाणार. एकतिसाव्या दिवसाचा रिमाइंडर लावून ठेवलाय.