वू बाईंनी ‘फक्त प्रयोग केला’? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही तसंच. तुमचं म्हणणं असं: निसर्ग डावं-उजवं सारखंच मानतो का, ही शंका घेण्याची कल्पना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ ली आणि यांग यांची, प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ च्येन-श्युंग वू यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या, तेव्हा १९५७चं नोबेल त्या दोघांनाच मिळालं हे योग्यच. शिवाय चीनमधून आलेल्या या बाईंना अमेरिकेत बढत्या मिळतच गेल्या, आणि देशसेवा म्हणाल तर ती अणुबॉम्बची.

१९५७पुरतं मान्य. नोबेलच्या शिफारशी ३१ जानेवारीपर्यंत जातात आणि वू यांचा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ या संशोधनपत्रिकेत आला १५ फेब्रुवारीला. पण पुढे अनेकदा त्यांचं नाव सुचवलं गेलं, तेव्हा ही अडचण नव्हती.

पीठ मात्र आयतं नव्हतं. बीटा ऱ्हासात, म्हणजे अणुकेंद्रक इलेक्ट्रॉन बाहेर टाकून बदलतं तेव्हा, निसर्ग डावं-उजवं सारखंच मानतो हे कुणी तपासलंय का, हा प्रश्न ली-यांग यांचा. किरणोत्सारी कोबाल्ट-६० वापरा, हे लींना सुचवलं वू यांनी. त्याची अणुकेंद्रकं चुंबकीय क्षेत्रात एका दिशेला वळवायची आणि इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूला जास्त उडतात ते मोजायचं. पण उष्णतेनं केंद्रकं कशीही भरकटतात, म्हणून तापमान सुमारे ०.०१ केल्विनपर्यंत, म्हणजे जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत, उतरवावं लागतं. ती सोय वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये होती, आणि तिथल्या अर्नेस्ट अँबलर यांच्या गटाचं श्रेय कुणीच नाकारू नये.

खरी मेख पुढे आहे. इलेक्ट्रॉन स्फटिकातच अडकू नयेत म्हणून कोबाल्ट हवा अगदी वरच्या थरात, जेमतेम ०.०५ मिमी जाडीच्या. पण बाहेरची ऊब आधी पृष्ठभागालाच लागते, त्यामुळे सुरुवातीला केंद्रकांची रांग काही सेकंदांतच विस्कटली. उपाय म्हणून नमुन्याभोवती सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटच्या स्फटिकांचं घर रचलं. ते चिकटवून उभं केलं, तर त्या थंडीत चिकट द्रव्यानं दगा दिला आणि घर कोसळलं. शेवटी नायलॉनच्या दोऱ्यानं बांधलं, तेव्हा टिकलं.

इलेक्ट्रॉन टिपणारा अँथ्रासीनचा स्फटिक नमुन्याच्या २ सेंमी वर होता. त्यातला प्रकाश सुमारे चार फुटी पारदर्शक दांड्यातून बाहेरच्या मोजयंत्रापर्यंत यायचा. गॅमा किरणांचे दोन मोजक वेगळे होते, एक बाजूला आणि एक टोकाकडे. दोघांच्या मोजणीत फरक असेल तितका वेळ केंद्रकं रांगेत आहेत, असं समजायचं. नमुना तापत गेला, काही मिनिटांत तो फरक मिटला आणि त्याच्याबरोबरच इलेक्ट्रॉनांचा एका बाजूला जास्त उडण्याचा कलही मिटला. चुंबकीय क्षेत्र उलटं केलं, कल उलटा झाला. म्हणजे इथे निसर्ग डावं-उजवं सारखं मानत नाही. ही सांगड दाखवता आली नसती, तर दोष यंत्रावर ढकलायला वाव राहिला असता. प्रयोगाचं शहाणपण मला तरी इथे दिसतं.

आता बॉम्ब. तुमचा नैतिक आक्षेप मी खोडत नाही. पण १९४४मध्ये वू अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात दाखल झाल्या तेव्हा त्या अमेरिकी नागरिकही नव्हत्या. चिन्यांवरची अमेरिकेची १८८२ची प्रवेशबंदी नुकतीच, १९४३मध्ये उठली होती, तीही वर्षाला १०५ जणांपुरती. नागरिकत्व मिळालं १९५४ला. बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवणारी हॅनफर्डची अणुभट्टी सुरू होऊन आपोआप मंदावली, तेव्हा भट्टीतच तयार होणारा झेनॉन-१३५ वायू ती चालवणारे न्यूट्रॉन गिळतोय या संशयाला आधार मिळाला तो त्यांच्याच अप्रकाशित मोजमापांचा. आणि त्यांची सेवा तिथेच संपली नाही: विज्ञानात मुलींना मागे ठेवण्याविरुद्ध त्या जाहीरपणे बोलत राहिल्या, चीनमधल्या १९८९च्या त्येनआनमेन दडपशाहीचाही निषेध केला.

‘बढत्या मिळतच गेल्या’ हे तर तारखांशीच जुळत नाही. पीएचडी १९४०ची, बर्कले विद्यापीठाची. युद्धानंतर कोलंबिया विद्यापीठात त्या संशोधनाच्याच पदावर राहिल्या, सहयोगी प्राध्यापक झाल्या १९५२ला, पूर्ण प्राध्यापक १९५८ला, म्हणजे तो प्रयोग जगभर गाजल्यावर. पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मिळाला १९७५ला, रॉबर्ट सर्बर विभागप्रमुख झाल्यावर. त्याच वर्षी त्या अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या पहिल्या महिला अध्यक्ष होत्या.