शंभर टक्के कशाचे?

"धरण शंभर टक्के भरलं!" दर पावसाळ्यात तीच बातमी, तोच जल्लोष. अहो, पण शंभर टक्के कशाचे? बऱ्याचदा हिशोब बांधतानाच्या क्षमतेवरच चालतो. मधल्या काळात पोटात किती गाळ बसला, ते मोजायला कुणाला सवड नाही. वर ऐकवतात, गाळ काय, मृतसाठ्यात, म्हणजे तळाच्या वापरात न येणाऱ्या पाण्यात जातो! सगळा कुठला जातोय? जाड रेती पाणी संथावलं की जलाशयाच्या तोंडाशीच, नदी आत शिरते तिथे बसते, म्हणजे थेट उपयुक्त साठ्यात. चीनच्या सानमेनशिया धरणात १९६० साली पाणी अडवलं आणि दोनेक वर्षांत गाळाने असा हिसका दाखवला की पुढे गाळ सोडायला बोगदे खणावे लागले. इकडे वरचे डोंगर बोडके करायचे आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या गाळावर उभं राहून विचारायचं, पाणी गेलं कुठे!