ॲक्सोलोटल जेवत नाही म्हणून हीटर लावू नका

बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या मासे पाळणाऱ्यांत सध्या ॲक्सोलोटल या पाण्यातच राहणाऱ्या, सरड्यासारख्या दिसणाऱ्या पाळीव जीवाबद्दल एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय : ॲक्सोलोटलनं खाणं सोडलं तर घाबरू नका, तो महिनाभर उपाशी राहतो. थंडीनं त्याची भूक मरते, म्हणून हीटर लावून पाणी २८ अंशांवर न्या. सगळं पाणी काढून आरओचं भरा, टाकीत मूठभर मीठ टाका आणि गांडूळखतातली गांडुळं द्या. दोन दिवसांत खायला लागेल.

लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. पण हे उपाय केले तर आजारी जीव आणखी खचेल. खाणं सोडणं हा स्वतंत्र आजार क्वचितच असतो, बहुतेक वेळा ती पाण्याबद्दलची तक्रार असते. आधी पाणी मोजायचं, मग काय ते करायचं.

सगळ्यांत घातक सल्ला हीटरचा. बेट्टा किंवा एंजल या माशांना जे पाणी मानवतं तेच याला मानवेल, असं धरून तो दिलाय. पण ॲक्सोलोटल मासा नाही, सॅलॅमँडर आहे, म्हणजे बेडकासारखा उभयचर. त्याचं मूळ घर मेक्सिको शहराच्या दक्षिणेकडचं सोचिमिल्कोचं तळं, समुद्रसपाटीपासून सुमारे २२४० मीटर उंचीवर. आपलं बेळगाव साधारण ७५० मीटरवर. बेळगावची हवा थंड, हे आपल्यापुरतं खरं आहे, त्याच्यापुरतं नाही. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. विशीच्या वर त्याला ताण येऊ लागतो आणि २४ च्या पुढे जीव धोक्यात येतो. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि नेमकी त्याच वेळी त्याच्या शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते. बुरशी आणि जिवाणूही अशाच पाण्यात फोफावतात. एप्रिल-मे महिन्यांत इथं पारा ३५ च्या पुढे जातो, अथणीकडे त्याहून वर. त्या दिवसांत हीटरशिवायच पाणी नको इतकं गरम होतं, आणि त्यात हा मेसेज हीटर लावायला सांगतो!

करायचं ते याच्या उलट. टाकी खिडकीपासून लांब, घरातल्या सर्वांत गार खोलीत ठेवा. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा छोटा पंखा लावा. बाष्पीभवनानं पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालतो, पावसाळ्याच्या दमट हवेत त्याचा जोर कमी होतो. लाईट गेली तर बर्फ गोठवलेली बंद बाटली पाण्यात सोडा, पण एकेकच, कारण तापमान झपकन उतरलं तरी त्याला त्रास होतो. थर्मामीटर नसेल तर आजच आणा.

महिनाभर उपाशी राहण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे. पूर्ण वाढलेला, धडधाकट ॲक्सोलोटल गार पाण्यात दोनेक आठवडे न खाता काढू शकतो. तो एरवीही आठवड्यातून दोन-तीनदाच खातो, तेव्हा एक दिवस तोंड फिरवलं तर घाबरायचं कारण नाही. पिल्लाचं तसं नाही. त्याला रोज लागतं, आणि तीन-चार दिवस काही घेतलं नाही तर ते झपाट्यानं खंगतं. मेसेजमध्ये हा फरकच नाही. त्यावर विसंबून कोणी पिल्लाला महिनाभर तसंच ठेवलं तर ते हातचं जाईल, याची मला खरी भीती वाटते.

आता पाणी बदलण्याचं. पुष्कळ घरांत टाकी आणि ॲक्सोलोटल एकाच दिवशी येतात. मग काही दिवसांतच त्याचं खाणं बंद होतं आणि दोष खाद्याला दिला जातो. खरं कारण अमोनिया. विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायलाच चार ते आठ आठवडे लागतात. पाणी तपासायच्या टेस्ट किटवर अमोनिया आणि त्यापासून होणारं, तितकंच घातक नायट्राइट शून्य दिसले पाहिजेत. नसतील तर थोडं थोडं पाणी रोज बदला. एकदम सगळं बदललं तर तापमान आणि पीएच दोन्ही उडी मारतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीननं ते जिवाणू मरतात.

आरओचं पाणी तर नकोच. त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि ॲक्सोलोटलला थोडं जड पाणी मानवतं. ज्या बोअरच्या पाण्याला आपण नावं ठेवतो, ते बहुधा त्याला चालतं. नळाचं असेल तर क्लोरीन घालवणारं डीक्लोरिनेटर घाला. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं तापलेलं पाणी मात्र कधीच थेट ओतू नका.

मीठ टाकीत टाकायचं नाही. त्याच्या कातडीतून पाण्यातलं बरंच काही आत जातं. मिठाच्या पाण्याची अंघोळ घालतात ती बुरशीसाठी, वेगळ्या भांड्यात, काही मिनिटांपुरती. भुकेशी तिचा संबंध नाही.

गांडूळ हे त्याचं सर्वांत चांगलं खाद्य, एवढं मेसेजमधलं बरोबर. पण खताच्या बेडमधलं लाल गांडूळ डिवचलं की कडवट पिवळा द्रव सोडतं. ॲक्सोलोटल ते तोंडात घेतो आणि थुंकतो, आणि आपल्याला वाटतं त्याची भूक गेली. साध्या मातीतलं गांडूळ देऊन बघा, पण फवारणी झालेल्या रानातलं नको. निपाणीकडची तंबाखूची शेतं, ऊस, भाजीपाला यांच्या कडेचं तर मुळीच नको. धुऊन, पिल्लासाठी तुकडे करून द्या.

मेसेजमध्ये खड्यांचा उल्लेखच नाही. ॲक्सोलोटल भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो, त्याबरोबर तळाचे रंगीत खडेही पोटात जातात आणि आतडं तुंबतं. खडे काढून तळ मोकळा ठेवा किंवा बारीक वाळू घाला. पोट फुगलंय, विष्ठा होत नाही, तो वर तरंगतोय, असं दिसलं तर घरचे उपाय थांबवा. इथले बरेचसे पशुवैद्य गुराढोरांचे, कुत्र्या-मांजरांचे. म्हणून आधी फोन करून उभयचर बघतात का ते विचारा. नेताना त्याच टाकीतलं पाणी झाकणाच्या डब्यात घ्या, डब्याला बाहेरून बर्फाची बाटली लावा आणि पाण्याचं तापमान, अमोनियाचा आकडा लिहून न्या.