डावा गेला

परवा कुडाळच्या एका मोबाइलच्या दुकानात माझ्या कानातला मळ २२ इंची पडद्यावर दाखवण्यात आला. बघायला गिऱ्हाईकं होती, त्यातल्या एकाने खिशातून चष्मा काढून लावला.

मालवण–कुडाळ एसटीने रोज जाणं-येणं करणाऱ्या बाईला इअरफोन ही चैन नसते. चौके सोडलं की मागच्या बाकावर कुणीतरी रील सुरू करतं, एकच रील, तेच हसणं, पुन्हा पुन्हा. धामापूर येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या बाईंचा स्पीकर लावून नणंदेशी हिशेब सुरू झालेला असतो, आणि सगळ्या गाडीला ठाऊक होतं की बांगड्याचे पैसे कोणी दिले नाहीत. म्हणून मी ₹१,४९९ चे, कानाच्या आत घट्ट बसणारे, तारेचे इअरफोन घेतले होते. तारेचे अशासाठी की त्याआधीच्या बिनतारी जोडीतला उजवा नेरूरपारच्या पुलावर मला शिंक आली तेव्हा सुटला आणि खिडकीतून थेट कर्ली नदीत गेला. डावा अजून डबीत आहे. मी त्याला चार्ज करते. का, ते विचारू नये.

नव्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत होतं, २० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ. काय तो पल्ला! मग कळलं की माणसाचा कान मुळात तेवढंच ऐकतो, आणि तेही तरुणपणी. चाळिशी उलटली की वरचे काही हजार कापले जातात, टीडीएससारखे, न विचारता. शिवाय हाच आकडा फूटपाथवरच्या दोनशेच्या मालावरही छापलेला असतो. मधला आवाज कसा येतो, कुठे दबतो, कुठे किंचाळतो, यावर खोकं गप्प. पण आवाज खरंच चांगला होता, हे कबूल करायला हवं. झांज वेगळी ऐकू यायची, पेटीचा भाता वेगळा. म्हणूनच राग जास्त आला.

नव्या जोडीतला डावा एकदम गेला नाही. आधी तो मान उजवीकडे कलती केली की बोलायचा. पुढे मान कलती आणि अंगठा पिनेच्या बुडाशी, अशी मुद्रा लागायला लागली. त्या मुद्रेत मी इतकी सकाळ-संध्याकाळ बसले की शेजारच्या काकूंनी नारायण तेलाची बाटलीच आणून दिली. पैसे घेईनात. मग एके दिवशी तेही थांबलं. डावा म्हणजे साडेसातशे रुपयांचा कापसाचा बोळा झाला.

वॉरंटी शिल्लक होती. घेऊन गेले.

काउंटरवरचा पोरगा हुशार. "ताई, आधी जाळी बघू." इअरफोनच्या नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती कानातल्या मळाने भरली की आवाज बसतो, हे मलाही माहीत होतं. मला माहीत नव्हतं ते हे, की हल्ली मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे सूक्ष्मदर्शक असतो आणि त्याची वायर भिंतीवरच्या पडद्याला जोडलेली असते. त्याने डावा इअरफोन खाली धरला, बटण दाबलं आणि पडद्यावर ते सगळं उमटलं. तांबूस, भोकाभोकांचं, एका कडेला चमकणारं.

बाकड्यावर एक आजोबा बसले होते. धोतर, टोपी, कानामागे ऐकण्याचं मशीन, मांडीवर बिघडलेला साधा फोन. त्यांनीच तो चष्मा काढला होता.

"ह्यो खंयचो सडो रे?" सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार.

"सडो नाय बुवा. ताईंच्या कानातला आसा तां."

"कानातला?" बुवांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "माका वाटला जांभ्याची खाण."

दुकान हसलं. मीही हसले, हसावं लागतं. पोरगा ब्रशने जाळी साफ करत होता, तीही पडद्यावर, सगळ्यांच्या साक्षीने. तेवढ्यात बुवांची चौकशी सुरू झाली.

"खंयची गो तू?"

"मालवण."

"मालवणात खंय?"

"वायरी."

"वायरेक आमची डबलबारी झाली होती. कोणाची तू?"

डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना. मी आडनाव सांगितलं. "म्हंजे दशावतारात राजा व्हायचो तो तुझो आजो?" मी म्हटलं, नाही हो, ते वेगळे. बुवांना पटलं नाही. "कान तसोच आसा," म्हणाले.

जाळी लख्ख झाली. पोराने गाणं लावलं. डावा मुका तो मुकाच. म्हणजे ते सगळं प्रदर्शन फुकट गेलं. मळाचा दोष नव्हताच. पण हे पडद्यावर कुणी दाखवलं नाही.

पोराने मल्टिमीटर आणला, तारेतून वीज जाते की नाही ते मोजायला. इकडे बुवा माझ्या उजव्या इअरफोनकडे टक लावून होते. डबलबारीत आयुष्यभर पखवाज वाजवलेला माणूस, हे तोवर त्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. "माका ऐकव बघू," म्हणाले. नाही म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर त्यांनी कानामागचं मशीन काढून टोपीत ठेवलं आणि माझा इअरफोन कानात घातलासुद्धा. पुसणं वगैरे प्रश्न त्यांच्या बाजूने नव्हताच. माझ्या बाजूने होता, पण नुकताच माझा मळ सगळ्यांनी पाहिलेला असताना मी कोणत्या तोंडाने बोलणार?

पोराने फोनवर कुठल्यातरी बुवांचा गजर लावला. आजोबांनी डोळे मिटले. मशीन काढलेलं, त्यामुळे स्वतःचा आवाज किती हे त्यांना कळत नव्हतं. ते ओरडले ते थेट बाजारपेठेत:

"पोट नाय रे हेका! धुमाक कणीक लावूक नाय काय?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पखवाजाच्या डाव्या तोंडाला, म्हणजे धुमाला, वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात. तिच्या वजनाने आवाज खाली उतरतो, घुमतो. कणीक नसेल तर डावं नुसतं टणटणतं. बुवांचं निदान चुकीचं असलं तरी कान बरोबर होता. इअरफोन नुसता कानाच्या दाराशी टेकवला की खालचे सूर फटीतून निसटतात आणि उरतो तो पत्र्याचा आवाज. रबरी टोपी कानात घट्ट बसली तरच खर्ज येतो. कितीतरी लोक भारीतले इअरफोन घेऊन पत्राच ऐकतात आणि कंपनीला शिव्या देतात. कंपनीला शिव्या द्यायला दुसरी चांगली कारणं असतात, त्यांच्याकडे येतेच.

"आत दाबा!" मी म्हटलं.

"काय?"

"आत! घट्ट!"

"काय?"

शेवटी मीच पुढे होऊन बोटाने त्यांच्या कानात तो दाबून बसवला. आयुष्यात मी परक्या पुरुषाच्या कानात बोट घालेन आणि तेही कुडाळच्या बाजारात, असं भाकीत कुठल्या ज्योतिषाने केलं नव्हतं.

बुवांचा चेहरा बदलला. "इलो! इलो! धुम इलो!" आणि त्यांनी काउंटरच्या काचेवर हात टाकला. असा काही ठेका धरला की वरच्या टेम्पर्ड काचांची चळत सरकत सरकत खाली आली. बाहेरून जाणारा रिक्षावाला थांबून बघायला लागला. गजर द्रुतात गेला तसे बुवाही गेले. पोरगा एका हाताने काचा सावरत होता, दुसऱ्या हातात मल्टिमीटर. मग एकाएकी बुवा थांबले आणि दुसऱ्या कानाला हात लावला.

"डावो खंय?"

"डावा गेला," मी खुणेने सांगितलं.

"गेलो?" त्यांना खरंच वाईट वाटलं. "मगे तू रोज अर्धाच भजन ऐकतंस?"

मशीन पुन्हा कानाला लावून, आवाज माणसात आणून, त्यांनी पोराची उलटतपासणी घेतली. पखवाज उतरला तर आम्ही वादी आवळताव, गठ्ठो ठोकताव. पुडी, म्हंजे तोंडावरचा कातडा, फाटली तर पुडी बदलताव. हेची पुडी गावता काय? पोरगा म्हणाला, नाय बुवा, ह्यां उघडतच नाय, चिकटवलेला असता. उघडूक गेलो तर मोडात. "मगे वाजवणाऱ्यान करूचा काय?" पोराकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. दीड हजाराची वस्तू, आत एक पातळ पडदा, केसासारखी तार गुंडाळलेली कॉइल आणि एक चुंबक. त्यातलं एकही गोंद फोडल्याशिवाय हाताला लागू नये अशी तजवीज मुद्दाम केलेली असते. काही इअरफोनांची तार काढता-घालता येते, खरं आहे, पण ते त्या दुकानात नव्हते. मी विचारलं तेव्हा पोराने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी मे महिन्यात फणसाऐवजी सफरचंद मागतेय.

बुवांना मात्र तोडगा सुचला होता. मघाशी मी कर्ली नदीची गोष्ट सांगितली होती. "त्या जोडीतलो डावो तुझ्याकडे आसा. ह्यातलो उजवो आसा. लगीन लावन टाक." पोराने समजावलं की फोन एका वेळी एकतर तारेत आवाज सोडतो नाहीतर हवेत, दोन्हीकडे नाही. बुवा म्हणाले, "म्हंजे पत्रिका जुळणा नाय."

त्यांचं स्वतःचं मशीन चार वर्सां चालू होतं. झीलाने, म्हणजे मुलाने, मुंबईहून धाडलेलं. रोज रात्री डबीत, डबीत ओल खाणाऱ्या पुड्या, सकाळी ब्रश. "तुझ्यासारखा नाय," हे त्यांनी न बोलता पडद्याकडे बघून सांगितलं. आणि गंमत अशी की महागड्या इअरफोनांत 'बॅलन्स्ड आर्मेचर' म्हणून जो नखाएवढा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग, मिरवतात, तो मूळ अशा श्रवणयंत्रांतूनच आलेला. ₹१,४९९ मध्ये तो मला कोण देणार? म्हणजे त्या बाकड्यावर माझ्यापेक्षा सरस कान बुवांचाच होता.

मल्टिमीटरने निकाल दिला. उजव्याला आकडा, डाव्याला काही नाही. तार जिथे इअरफोनमध्ये शिरते तो सांधा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तांबं हिरवं पडलेलं. पोराने पडद्याचा फोटो काढला आणि कंपनीच्या माणसाला व्हॉट्सॅपवर पाठवला, पुण्याला. त्याच फोटोत कोपऱ्यात मघाचा सडाही थोडा आला होता, हे मी नंतर पाहिलं.

उत्तर चहा यायच्या आत आलं. द्रव पदार्थामुळे बिघाड. वॉरंटी लागू नाही.

द्रव पदार्थ? मी ते पाण्यात बुडवले नाहीत, पावसात नेले नाहीत, सोलकढीत टाकले नाहीत. मी ते मालवणात ठेवले. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते त्यामुळे. आणि वायरीला वारा येतो तो समुद्रावरून, मीठ घेऊनच. ते खिडकीच्या गजांवर बसतं, फ्रिजच्या पायांवर बसतं, इअरफोनच्या सांध्यावर बसणार नाही? खोक्यावर 'आयपीएक्स ४' लिहिलंय, म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी टिकेल. ती चाचणी साध्या पाण्याची. खाऱ्या हवेचं त्यात नाव नाही. मग सरळ लिहा ना, समुद्रकिनारी विकू नये म्हणून. विकताना अख्खी किनारपट्टी गिऱ्हाईक, आणि बिघडलं की आमचा श्वाससुद्धा 'द्रव पदार्थ'! पोराला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "ताई, माझा काय दोष?" नव्हताच. म्हणूनच तर तो काउंटरवर होता आणि ज्यांचा होता ते पुण्यात.

सध्या मी एकाच कानावर चालवतेय. सकाळी कुडाळला जाताना डावीकडच्या खिडकीशी बसलं की शेजारी उजव्या अंगाला येतो आणि उजवा चालू आहे, त्यामुळे भागतं. पण संध्याकाळी परतताना डावीकडे ऊन असतं, म्हणून उजवी खिडकी धरावी लागते, आणि मग शेजारी बरोबर बोळ्याच्या बाजूला. काल तिथे बांगड्याच्या पैशांवाल्या बाई होत्या. नणंदेने अजून दिलेले नाहीत.